सावलीतून जलाशयापर्यंत: चढ परतीच्या वाटेवर आहे

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडील ६८ वर्षांचे, उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. मुलगी ७ वर्षांची. जंगलातून एका शांत जलाशयापर्यंत जाणारी वाट आहे, एका बाजूने ४ किलोमीटर. वाटेच्या तोंडाशी असलेल्या फलकावर ‘सोपी, सावलीची, कुटुंबासह जाण्याजोगी’ असं लिहिलंय. गाडी ठेवायची जागा ६२० मीटर उंचीवर आणि पाणी ४२० मीटरवर. तिघांनी सकाळी निघून संध्याकाळच्या आत परत यावं का?

यावं, असंच मी म्हणेन. गेली २२ वर्षं मी लहान-मोठ्यांचे मिश्र गट घेऊन अशा वाटांवर जाते. आजोबा आणि नात एकत्र चालताना बघायला मिळणं हा या कामातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. पण तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात महत्त्वाचे आहेत ते दोन उंचीचे आकडे, आणि तुमच्या प्रश्नात त्यांचा पुढे उल्लेखच नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

डोंगरावर जाताना चढ आधी येतो. दमलं की माणूस आपसूक मागे वळतो, आणि परतीला उतारच असतो. जलाशयाच्या वाटेचं बहुतेक वेळा उलटं असतं. पाणी दरीच्या तळाशी साठवलेलं असतं आणि गाडी ठेवायची जागा वर, धारेवर किंवा रस्त्यालगत. त्यामुळे जाताना सगळे ताजेतवाने, वाट उताराची, गप्पा रंगलेल्या. ‘अरे, किती सोपं आहे!’ असं वाटत वाटत आपण २०० मीटर खाली उतरून जातो. ते २०० मीटर चढायची वेळ येते तेव्हा दुपार झालेली असते, मूल पेंगुळलेलं असतं आणि उतरताना गुडघ्याने जे सोसलं ते आता जाणवायला लागलेलं असतं. फलक लिहिणाऱ्याने काही खोटं लिहिलेलं नाही. २०० मीटरचा चढ ४ किलोमीटरमध्ये विभागला तर सरासरी शंभर मीटरला पाच मीटर पडतो, म्हणजे सौम्यच. फक्त तो कोणत्या वेळी समोर येतो हे फलक सांगत नाही.

वेळेचा हिशोब मी कसा करते ते सांगते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला होता. आजच्या मापांत सांगायचं तर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या वाटेला तो लावला तर जायला ४८ मिनिटं आणि यायला ४८ अधिक २०, म्हणजे ६८ मिनिटं होतात. हा हिशोब धडधाकट, न थांबता चालणाऱ्या प्रौढ माणसाचा आहे. लहान मूल किंवा दुखरा गुडघा सोबत असेल तर मी सरळ दुप्पट धरते. म्हणजे जायला साधारण १ तास ४० मिनिटं, यायला सव्वादोन तास. पाण्याजवळ एक तास बसलात तर एकूण पाच तास झाले. सकाळी ८ ला पाय वाटेला लागले तर दुपारी १ ला गाडीपाशी. हे वेळापत्रक आरामाचं आहे. ११ ला निघालात तर तेच पाच तास दिवसाच्या चुकीच्या टोकाला जातात, कारण दाट झाडीत उजेड उघड्या जागेपेक्षा बराच आधी कमी होतो. बाहेर अजून लख्ख असतं तेव्हा आत मुळं आणि दगड वेगळे ओळखू येईनासे होतात. लवकर निघालात तरी प्रत्येकी एक हेडटॉर्च सॅकमध्ये असू द्या.

आता गुडघा. इथे मी ठाम उत्तर देऊ शकत नाही, कारण ‘अधूनमधून दुखतो’ याचा अर्थ दर माणसागणिक वेगळा असतो. गुडघ्याचं खरं काम उतारावर असतं. चढताना मांडीचे स्नायू शरीर वर ढकलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात, आणि तो भार गुडघ्याच्या वाटीमागे जातो. त्यामुळे चढाला दम लागणारा माणूस थांबून पुन्हा चालू शकतो, पण उताराने दुखावलेला गुडघा त्या दिवसापुरता तसाच राहतो. तुमच्या वाटेवर उतार आधी आहे, म्हणजे गुडघा दुखावला तर तो वाटेच्या सगळ्यात दूरच्या टोकाला दुखावेल.

म्हणून जायच्या आधीच्या आठवड्यात एक चाचणी घ्या. जवळपास एखादा उताराचा रस्ता किंवा टेकडी असेल तिथे वडिलांना घेऊन तासभर चढ-उतार करा, त्याच बुटांत आणि पाठीवर तीच सॅक घेऊन. चालून आल्यावर ‘कसं वाटतंय’ हे विचारू नका. वडील माणसं ‘मस्त’च म्हणतात, विशेषतः नात शेजारी उभी असेल तर. दुसऱ्या दिवशी सकाळी बिछान्यातून उठून ते पहिली दहा पावलं कशी टाकतात ते बघा. पायऱ्या उतरताना कठड्याला हात जातो का, सूज आहे का, तेही बघा. सगळं नेहमीसारखं असेल तर निघायला हरकत नाही. पाऊल आखडत असेल, तर पुढे एक पर्याय देते तो घ्या. गुडघ्यावर आधीच उपचार चालू असतील तर डॉक्टरांना आकड्यांसकट विचारा: ‘८ किलोमीटर, २०० मीटर उतार, मग तेवढाच चढ.’ नुसतं ‘फिरायला जाऊ का’ असं विचारलं की नुसतं ‘जा’ असंच उत्तर मिळतं.

काठ्या न्या, एक नव्हे, दोन. दंड अंगालगत खाली सोडून काठी टेकली की कोपर साधारण काटकोनात यावं, ही सपाटीची उंची. उतरताना काठ्या पाच-सात सेंटीमीटर लांब करायच्या आणि पावलाच्या आधी पुढे टेकायच्या. बहुतेक लोक काठी पावलासोबत किंवा पावलानंतर टेकतात. त्याने तोल सांभाळला जातो, पण गुडघ्याचा भार हलका होत नाही. वडिलांना घरीच जिन्यावर सवय करू द्या: काठी, काठी, मग पाऊल. लय बसायला दहा मिनिटं लागतात.

सावलीबद्दल बोलते, कारण तुम्ही ‘सावली आहे म्हणजे त्रास नाही’ असं गृहीत धरलेलं दिसतंय. सावली हे फार मोठं सुख आहे. अंगावर थेट ऊन न पडणं हाच त्यातला मुख्य भाग आहे, कारण झाडांखालची हवा बाहेरच्यापेक्षा जितकी थंड असते त्याहून कितीतरी जास्त फरक शरीराला ऊन टळल्याने जाणवतो. पण झाडीत वारा अडतो आणि दमटपणा जास्त असतो. घाम येतो आणि वाळत नाही. शिवाय ऊन लागत नसल्यामुळे तहानही उशिरा कळते. माझ्या गटांत पाणी प्यायचं विसरणारे लोक उघड्या माळापेक्षा सावलीतच जास्त सापडतात. दर माणशी तासाला अर्धा लिटर धरा. पाच तासांचे अडीच लिटर मोठ्यांना, मुलीला थोडं कमी. तहान लागेपर्यंत न थांबता दर वीस-पंचवीस मिनिटांनी सगळ्यांनी दोन-दोन घोट घ्यायचे.

आणि सावली कोणत्या महिन्यातली? पानगळीचं जंगल असेल तर पानं झडल्यावर तीच वाट उघडीबोडकी होते. उपग्रहाच्या चित्रात हिरवंगार दिसलं म्हणून विसंबू नका. ते चित्र कोणत्या महिन्यात घेतलंय ते बघा. पावसानंतर गेलात तर उलटी अडचण असते. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी झाडीतली माती, शेवाळलेले दगड आणि साल निघालेली मुळं ओलीच राहतात. ओलं मूळ काचेसारखं निसटतं, त्यातही उताराला तिरकं आडवं आलेलं. मुलीला एकच नियम सांगा: मुळावर पाय ठेवायचा नाही, मुळापलीकडे ठेवायचा. मुलांना हा खेळ वाटतो आणि ती तो मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात. पालापाचोळ्याचा जाड थर असेल तिथे काठीने आधी चाचपून घ्या, खाली खड्डा किंवा सुटा दगड असू शकतो.

सावलीत बसायला जागा निवडताना वर बघायची सवय लावून घ्या. वाळलेली फांदी वर अडकून लोंबत असेल किंवा अख्खं झाडच उभ्या-उभ्या मेलेलं असेल, तर त्याखाली बसायचं नाही. सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी मी जंगलाची वाट रद्दच करते, मग आकाश कितीही निळं असो.

जलाशयावर जाणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट आता सांगते. सावली पाण्यापर्यंत जात नाही.

नकाशावर जलाशयाची जी निळी कड दिसते ती बहुधा तो पूर्ण भरलेला असतानाची असते. त्या पातळीच्या खाली मोठी झाडं उभी राहत नाहीत, कारण वर्षातला बराच काळ ती जागा पाण्याखाली जाते. पाणी उतरलं की जंगल जिथे संपतं तिथपासून पाण्यापर्यंत एक उघडा पट्टा तयार होतो. भरलेल्या जलाशयात तो दोन पावलांचा असतो. पाणी खूप खाली गेलेलं असताना, आणि काठ सपाट असेल तर, तो काही शे मीटर रुंद होऊ शकतो. म्हणजे सगळी वाट सावलीतून चालून तुम्ही पोहोचता ते भर उन्हात तापलेल्या गाळावर.

त्या गाळाबद्दल नीट सांगते. एकदा माझ्या गटातली नऊ-दहा वर्षांची मुलगी चपटे दगड वेचायला पाण्याकडे धावली. वरून सगळं कोरडं दिसत होतं, षटकोनी भेगा पडलेला करडा चिखल, कडा वर वळलेल्या. पहिली वीस पावलं जमीन टणक होती. मग भेगा बारीक झाल्या, रंग जरा गडद झाला आणि पुढच्याच पावलाला तिचा डावा पाय पोटरीपर्यंत आत गेला. ती घाबरून दुसऱ्या पायावर जोर द्यायला लागली, तसा तोही रुतायला लागला. मी तिला जागच्या जागी मागे बसायला सांगितलं, अगदी जमिनीवर टेकून. वजन पसरलं आणि रुतणं थांबलं. मग तिने पाय आत हळूहळू गोल हलवला, टाचेच्या कडेने हवा शिरल्याचा ‘फस्स’ असा आवाज आला आणि पाय सुटला. बूट मात्र आतच राहिला. तो हाताने उकरून काढला आणि ती आल्या पावलांवरून, बसत-सरकत टणक जमिनीवर परतली. दहा मिनिटांत सगळं आटोपलं, पण तेव्हापासून मी गटाला एक रेघ आखून देते: भेगा बारीक झाल्या किंवा रंग बदलला की थांबायचं. मुलीला हे दाखवून ठेवा. काठाचा भाग दगडी किंवा मुरमाड असेल तर ही अडचण येत नाही, म्हणून पाण्याजवळ जायला अशीच जागा शोधा.

पाण्यात उतरण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सात वर्षांचं मूल विचारणारच. माझ्या गटात उत्तर ‘नाही’ असतं. जलाशय म्हणजे बुडालेली दरी. काठापासून चार पावलांवर एकदम खोली असू शकते आणि खाली जुनी झाडांची खुंटं, कुंपणं, भिंती असू शकतात. उन्हाळ्यात वरचा थर कोमट लागतो आणि त्याखाली एकदम थंडगार पाणी असतं. अचानक गार पाणी अंगाला लागलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि डोकं त्या क्षणी पाण्याखाली असेल तर चांगल्या पोहणाऱ्याचाही घात होतो. पाणी पिण्याच्या पुरवठ्याचं असेल तर तिथे उतरायला बहुधा मनाईच असते. पाण्यावर हिरव्या रंगाच्या सायीसारखा किंवा ओतलेल्या रंगासारखा तवंग दिसला तर हात धुवायलाही वापरू नका. तो नील-हरित शैवालाचा असू शकतो, आणि त्याची विषं पाणी उकळूनही जात नाहीत. प्यायचं पाणी घरूनच न्यायचं, ते याचसाठी.

धरणाच्या खालच्या बाजूला नदीच्या पात्रात बसणं पूर्ण टाळा. तिथली गुळगुळीत खडकं आणि डबकी मुलांना फार खुणावतात. पण वरून विसर्ग सोडला की पात्र काही मिनिटांत भरतं, आणि त्यासाठी तुमच्या डोक्यावर पाऊस पडत असण्याची गरज नसते. सांडव्याच्या जवळपासचंही तेच. ढग गडगडायला लागले तर पाण्याच्या काठापासून आणि एकट्या उंच झाडापासून दूर व्हा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत उघड्यावर येऊ नका.

हे सगळं वाचून मन धास्तावलं असेल तर आता ती जागा इतकी सुंदर का असते तेही ऐका. सकाळी लवकर पोहोचलात तर पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. अशा वेळी आवाज वर विरून न जाता पाण्याकडे वाकतो आणि दूरवर जातो. पलीकडच्या काठावर पंख फडफडले तरी कानाशी फडफडल्यासारखे ऐकू येतात. मुलीला पाच मिनिटं डोळे मिटून बसवा आणि किती आवाज ऐकू आले ते बोटांवर मोजायला सांगा. मी हे प्रत्येक गटाला करायला लावते. पहिलं मिनिट चुळबुळ होते आणि तिसऱ्या मिनिटाला सगळे गप्प. दहाच्या पुढे वारा सुटला की ती शांतता जाते, म्हणून लवकर निघण्याचं हे आणखी एक कारण.

शांत जागा हवी असेल तर जलाशयाच्या कोणत्या टोकाला जायचं हेही बघा. धरणाच्या बांधाजवळ रस्ता असतो, त्यामुळे माणसं तिथेच जास्त. शिवाय मातीच्या बांधावर झाडं वाढू देत नाहीत, कारण मुळांच्या वाटेने पाणी झिरपून बांध कमकुवत होऊ शकतो. म्हणून तिथे सावली नसते. फुगवट्याचं टोक, जिथे नदी जलाशयात शिरते, ते उथळ असतं. पाणपक्षी तिथेच जास्त दिसतात आणि गर्दी कमी असते. मात्र गाळही तिथेच जास्त साचतो, तेव्हा वरची रेघ लक्षात असू द्या.

आता तो पर्याय. गुडघ्याची चाचणी मनासारखी झाली नाही तर वरून उतरू नका. गाडीने बांधाच्या बाजूला जा आणि काठाकाठाने चाला. पाण्याची पातळी सगळीकडे सारखीच असल्यामुळे काठाची वाट जवळपास सपाट असते. मात्र ती नकाशावर दिसते त्याहून लांब निघते, कारण प्रत्येक ओहोळापाशी आत वळून पुन्हा बाहेर यावं लागतं. समोर दोनशे मीटरवर दिसणारं झाड गाठायला पाऊण किलोमीटर चालावं लागतं. म्हणून तिथे अंतर ठरवू नका, वेळ ठरवा: पाऊण तास जायचं आणि जिथे असाल तिथून मागे फिरायचं.

वरूनच उतरणार असाल तर दोन गोष्टी घरून निघतानाच ठरवा. पहिली, अर्ध्या वाटेवर, म्हणजे २ किलोमीटरवर, पाच मिनिटं सक्तीने थांबायचं. तिथे वडिलांनी काठ्या बाजूला ठेवून चार पावलं मोकळी चालून दाखवायची. लंगडले तर तिथूनच परत. तोवर जेमतेम शंभर मीटरच चढ बाकी असतो. दुसरी, परतीची वेळ. ‘साडेदहाला पाण्यापासून उठायचं’ असं मुलीच्या देखत ठरवा आणि घड्याळ तिच्याच हातात द्या. मुलं वेळ पाळून घेण्यात फार कडक असतात, आणि ‘अजून थोडा वेळ’ म्हणायची मोठ्यांची सोयही जाते.

परतीच्या चढाला सगळ्यात हळू चालणारा पुढे ठेवा. वडील पुढे, मुलगी मध्ये, तुम्ही मागे. बोलता बोलता चालता येईल इतकाच वेग. मुलगी कंटाळेल ती अंतरामुळे नव्हे, तर तोच रस्ता पुन्हा म्हणून. जाताना तिला वाटेतल्या खुणा निवडू द्या, वाकडं झाड, मोठा दगड, मुंग्यांचं वारूळ, आणि येताना त्या उलट्या क्रमाने शोधायला सांगा. यात वाट न चुकण्याचाही फायदा आहे, कारण दाट झाडीत आणि दरीत फोनवरचं स्थान पुढेमागे दाखवलं जातं आणि नेटवर्क जाऊ शकतं. नकाशा आधी उतरवून घ्या, आणि कुठे जाताय, किती वाजता परत याल हे घरी कुणाला तरी सांगून निघा. गाडीपाशी पोहोचलात की तिघांचेही मोजे, गुडघ्याची मागची बाजू आणि कानामागे एकदा नीट बघा, गोचीड चिकटलेली असू शकते.

तुम्ही कोणत्या महिन्यात जाणार आहात आणि सध्या पाणी किती खाली गेलंय, हे कळवलंत तर त्या शेवटच्या उघड्या पट्ट्याबद्दल मला आणखी नेमकं सांगता येईल. वडिलांची ती दुसऱ्या दिवशी सकाळची दहा पावलं कशी होती, तेही नक्की लिहा.